भरतीबरोबर आलेले

शुक्रवार, पणजी

आंबोली उतरताना ढग होते, बांद्याला पोचेस्तोवर नुसता घाम. पणजीच्या कदंब स्थानकावर भाची स्कूटर घेऊन उभी होती. ती गोवा विद्यापीठात सागरी विज्ञान शिकते. खडकांना, खांबांना, होड्यांच्या बुडाला चिकटून जगणारे समुद्री जीव हा तिच्या प्रबंधाचा विषय. त्यांची पिल्लं येतात कुठून आणि बसतात कुठे, हे तिला शोधायचंय. प्रवासाचं वेळापत्रक तिने आधीच पाठवलं होतं. त्यात मंगेशी नव्हतं, जुनं गोवंही नव्हतं. होत्या त्या रोजच्या ओहोटीच्या वेळा. उद्या चैत्री पौर्णिमा, म्हणजे उधाण. उधाणाला पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं, आणि गोव्यात पौर्णिमेच्या सुमारास सगळ्यात खाली जातं ते सकाळी सहाच्या आगेमागे. "मावशी, साडेपाचला निघायचं," एवढं बजावून ती झोपायला गेली. जेवणातला बांगडा चांगला होता. बाकी या दिवसाबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

शनिवार, दोनापावला

हनुमान जयंती. मळ्यातल्या मारुतीकडे पहाटेच माणसं निघाली होती, आम्ही उलट्या दिशेने समुद्राकडे. मांडवी आणि झुवारी या दोन नद्यांच्या मुखांमध्ये जांभ्याचं एक टोक समुद्रात घुसलंय, ते दोनापावला आणि काबोचं. १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था इथेच आहे. किनाऱ्याच्या पाण्याचा अभ्यास करायला याहून सोयीची जागा सापडणं कठीण. एका बाजूला एक खाडी, दुसऱ्या बाजूला दुसरी, समोर उघडा अरबी समुद्र आणि पलीकडे मुरगाव बंदराचे दिवे.

"हात टेकू नकोस, कापेल," भाची म्हणाली. कापणारे होते बार्नॅकल. होडीच्या बुडाला किंवा धक्क्याच्या खांबाला चिकटलेले ते खरखरीत पांढुरके शंकू. खडकावर त्यांचा करडा पट्टा होता, खाली कालवं, त्याखाली शेवाळ. दिसायला शिंपल्यांच्या जातीतले, पण नातं कोळंबी-खेकड्यांशी. शास्त्रज्ञांनाही हे पटायला १८३० साल उजाडलं. आयर्लंडमध्ये नोकरीला असलेल्या जे. व्हॉन टॉम्सन या लष्करी सर्जनने समुद्रातून गाळून घेतलेले पोहणारे जीव भांड्यात ठेवले, आणि त्यांचे बार्नॅकल झाले. पुढे डार्विनने आयुष्याची आठ वर्षं याच प्राण्यांवर घातली.

बार्नॅकलचं पिल्लू कवचातून बाहेर पडतं ते नॉप्लियस या रूपात. एक डोळा, तीन जोड पाय, पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती खात राहायचं. कात टाकत टाकत सहा अवस्था पार केल्या की त्याचं रूप पालटतं आणि सायप्रिस तयार होते. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. ही सायप्रिस काहीच खात नाही. साठवलेल्या चरबीवर जगते आणि तिला एकच काम असतं, जागा शोधणं. खडक लागला की ती पुढच्या दोन मिशांवर चालत जाते, चाचपते, नाही आवडलं तर पुन्हा पाण्यात उडी घेते. चालताना मागे प्रथिनाच्या खुणा राहतात. मागून येणाऱ्या सायप्रिसना त्या खुणांचा वास लागतो. मोठ्या बार्नॅकलांच्या कवचातलंही असंच एक प्रथिन त्यांना 'इथे बसा' म्हणून सांगत असतं. जागा पक्की झाली की डोक्याकडून सिमेंट सोडायचं आणि जन्मभर उलटं राहायचं, पायांनी पाणी ढवळून खायचं.

एकदा बसलं की हलता येत नाही, म्हणून जोडीदार शेजारीच हवा. शरीराच्या मानाने प्राणिसृष्टीतलं सगळ्यात लांब लिंग बार्नॅकलचं, तेही याच कारणाने. भाचीने मावशीला हे सांगताना अजिबात आवाज खाली घेतला नाही, ते मला आवडलं.

मग तिच्या पाट्या बघायला गेलो. ओळखीच्या एका होडीवाल्याच्या तराफ्याखाली तिने पीव्हीसीच्या तळहाताएवढ्या पाट्या दोरीने सोडल्या आहेत. ठरावीक दिवसांनी वर काढायच्या, भिंगाखाली मोजायचं, पुन्हा सोडायच्या. आज काढलेल्या पाटीवर टाचणीच्या डोक्याएवढे ठिपकेच ठिपके. "मागच्या खेपेला यातले चार होते. पाटी तीच, खोली तीच. मग बदललं काय?" ती विचारत होती, पण उत्तर तिला माहीत होतं. पाणी बदललं होतं.

या शास्त्रात बराच काळ भर होता तो खडकावरच्या मारामारीवर : कोण कोणाला ढकलतं, कोण कोणाला खातं, ऊन कोणाला सोसतं. प्रयोग सुंदर होते, पण त्यांत पिल्लं येणारच असं धरून चाललं होतं. १९८५ मध्ये गेन्स आणि रफगार्डन या शास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरातल्या बार्नॅकलांवरून दाखवलं की जिथे पिल्लांची आवकच कमी असते तिथे खडकावरची गर्दी मारामारीने ठरत नाही, आवकीने ठरते. आवक ठरते प्रवाहाने. तिथे किनाऱ्याला समांतर वारा सुटला की वरचं पाणी समुद्राकडे ढकललं जातं, खालचं थंड पाणी वर येतं आणि पिल्लंही बाहेर जातात. वारा पडला की तेच पाणी किनाऱ्याला परततं आणि खडक एकदम भरून जातात. पुढच्या अभ्यासांनी या गोष्टीला एक पुरवणी जोडली : त्याच किनाऱ्यावर पुष्कळ जातींची पिल्लं बाहेर वाहून जातच नाहीत, खालच्या थरात राहून किनाऱ्यापासून काही किलोमीटरांच्या आतच टिकतात. मला ही पुरवणी मूळ गोष्टीपेक्षा जास्त आवडली.

रविवार, चोडण

रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला. मांडवीच्या पाण्याला ओहोटीची ओढ इतकी होती की बोट तिरकी तिरकी जात होती. अर्धा मिलिमीटरच्या जिवाने या पाण्यात करायचं तरी काय, असं मी म्हटलं. भाचीने वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. पिल्लू सेकंदाला एक मिलिमीटर पोहतं असं धर. दिवसभर न थांबता पोहलं तर ८६ मीटर. प्रवाह सेकंदाला २० सेंटिमीटर धर, तो दिवसाला १७ किलोमीटर नेतो. आडवं पोहून काहीच साधत नाही. पण १० मीटर खोल पाण्यात तळापासून वर यायला त्याला तीन तास पुरतात. आणि वरचं पाणी एका दिशेला, तळाचं दुसऱ्या दिशेला, किंवा तळाशी नुसतंच संथ, हे खाडीत नेहमीचं. पिल्लाला बस चालवता येत नाही, पण कोणत्या बसमध्ये चढायचं आणि कधी उतरायचं ते त्याच्या हातात आहे.

चोडणच्या खाजनात हे डोळ्यांनी दिसतं. खाजन म्हणजे खाडीकाठी बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन, आणि त्या बांधातलं लाकडी दार म्हणजे मानस. मानशीवर ओहोटीला जाळं लावून कोळंबी आणि मासे धरतात. धरण्याचा हक्क लिलावाने देतात, आणि जाळं भरतं ते मुख्यतः पौर्णिमा-अमावास्येच्या दिवसांत. ही कोळंबी इथे जन्मलेली नसते. मोठ्या कोळंब्या अंडी घालतात बाहेर समुद्रात. पिल्लं वाढत वाढत किनाऱ्याकडे येतात आणि खाडीच्या मुखाशी पोचली की भरतीला पाण्यात वर उठतात, ओहोटीला तळाशी बसून राहतात. भरती आत नेते, ओहोटी बाहेर नेऊ शकत नाही. अशा टप्प्याटप्प्याने ती मुखापासून आत पोचतात. पाण्याचा खारटपणा वाढला, दाब वाढला की भरती लागली, एवढं त्यांना कळतं. मांडवी-झुवारीत भरतीचा परिणाम मुखापासून ५० किलोमीटरच्या आसपास आत जातो, म्हणजे वाटही लांबलचक आहे.

खेकड्यांचं उलट. चिखलात एक पंजा मोठा असलेले छोटे खेकडे नाचत होते. त्यांच्या माद्या पिल्लं सोडतात त्या रात्री, उधाणाच्या भरतीनंतर पाणी उतरायला लागतं तेव्हा. खाडीतल्या माशांच्या तोंडून सुटून पिल्लं समुद्रात जातात, तिथे वाढतात आणि परत येताना कोळंबीच्याच युक्तीने भरती धरतात.

तिवरांच्या बुंध्यांवर कालवं होती, पण एका ठरावीक उंचीपर्यंतच. तिथे मी तासभर बसले असते, पण डास भयंकर होते.

सोमवार, बेतूल

मडगावला बस बदलून दुपारच्या आत बेतूल. साळ नदी इथे समुद्राला मिळते. पलीकडे वाळूचा दांडा, अलीकडे खडकाळ टेकाड. बेतूलचे शिणाणे, म्हणजे खडकाला चिकटून वाढणारे शिंपले, प्रसिद्ध. हिरवट कवचाचे, उधाणाच्या ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवरून किंवा बुडी मारून लोखंडी पहारेने सोडवून काढतात. खडकाला धरून ठेवणारे त्यांचे दोरे इतके चिवट असतात की हाताने ओढून निघत नाहीत.

धक्क्यावर एक वयस्क काका शिणाणे साफ करत बसले होते. त्यांच्याशी भाची कोंकणीत, मी मराठीत, ते दोन्हींत बोलले. त्यांचं म्हणणं, एका वर्षी सगळा खडक काळा होतो, दुसऱ्या वर्षी त्याच खडकावर मोजून घ्यावेत इतके. लोक म्हणतात फार काढले म्हणून. "आमी काडटात तें खरें. पूण ना काडलेल्या फातरारूय नासतात न्हय?" न काढलेल्या खडकावरही नसतात, त्याचं काय? भाचीने वही काढली. काकांनी मग इतकं सांगितलं की तिला लिहायला पानं पुरेनात : कोणत्या वाऱ्यानंतर बी, म्हणजे शिणाण्यांची पिल्लं, दिसतं, ते आधी शेवाळावर कसं दिसतं आणि मागाहून खडकावर कसं येतं.

शेवटचं निरीक्षण भाचीला फार मोलाचं वाटलं. शिंपल्याचं पिल्लू दोन-तीन आठवडे तरंगतं, आणि काही जातींत ते पहिल्यांदा उतरतं ते धाग्यासारख्या शेवाळावर किंवा तसल्याच झुपकेदार वाढीवर. तिथे थोडं मोठं होतं, मग एक लांब दोरा पाण्यात सोडून पुन्हा प्रवाहावर तरंगतं आणि दुसऱ्या खेपेला मोठ्यांच्या शेजारी बसतं. प्रवाहाचा हात एकदा नाही, दोनदा लागतो. काकांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होतं.

हे बी येतं कुठून? भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत एक प्रवाह वाहतो आणि तो वर्षातून दोनदा दिशा बदलतो. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत तो दक्षिणेकडे जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तरेकडे, आणि तेव्हा बंगालच्या उपसागरातलं कमी खारट पाणी श्रीलंकेला वळसा घालून इकडे वर आणतो. गंमत म्हणजे हिवाळ्यात गोव्यातला वारा काही त्याला उत्तरेकडे ढकलत नाही. तो चालतो दूरच्या रेट्याने, जो लाटेच्या रूपात किनारा धरून केरळकडून वर येतो. आपल्या अंगणातलं पाणी कुठे जाणार हे दुसऱ्याच्या अंगणातल्या वाऱ्याने ठरतं.

आता कालचाच हिशोब. दिवसाला १७ किलोमीटर, दहा दिवसांत १७०. गोव्याचा किनारा तेरेखोलपासून पोळेपर्यंत ढोबळ मानाने शंभर किलोमीटर. म्हणजे दोन-तीन आठवडे तरंगणारं पिल्लू मुख्य प्रवाहात सापडलं तर गोवा ओलांडून जाईल. सरळ हिशोबाने पावसाळ्यात बेतूलला येणारं बी मालवण-वेंगुर्ल्याकडचं असू शकतं आणि हिवाळ्यात येणारं कारवारकडचं. प्रत्यक्षात इतकं सरळ नसतं. अगदी किनाऱ्यालगत, खडकांच्या टोकांमागे, खाडीच्या मुखाशी पाणी रेंगाळतं, भोवरे फिरतात, आणि पिल्लं तळाशी राहिली तर आणखी कमी जातात. पण सगळी आपापल्या खडकावर परततात असंही नाही. म्हणून 'हा एक खडक दोन वर्षं बंद ठेवा, शिणाणे परत येतील' हा उपाय मला अर्धवट वाटतो. खडक बंद ठेवावा, जरूर ठेवावा. पण त्याचं बी जर चार खाड्या पलीकडून येत असेल तर तिथले मोठे शिणाणे शाबूत आहेत का, हे आधी विचारायला हवं, आणि पाण्याला गोवा-महाराष्ट्र-कर्नाटक ठाऊक नाही. बैठका मात्र तिघांच्या वेगळ्या होतात.

काकांनी रवा लावून तळलेले शिणाणे मिळतात ते घर दाखवलं. तिथे जेवलो. त्यानंतर मडगावपर्यंत मी झोपले होते.

मंगळवार, वागातोर

सकाळ पणजीत आळसात. भाचीचं म्हणणं, आज बघायचं ते दुपारीच दिसतं. दोन वाजता शापोराच्या किल्ल्यावर, उन्हात. पर्यटक फोटो काढत होते, आम्ही पाण्याकडे बघत होतो.

एप्रिल-मे मध्ये गोव्यात दुपारी वायव्येकडून समुद्राचा वारा जोराने येतो. सकाळी तेलासारखा सपाट असलेला समुद्र दुपारी खवळतो. पण वरून नीट बघितलं तर खवळलेल्या पाण्यातही लांब, अरुंद, गुळगुळीत पट्टे दिसतात, कुठे किनाऱ्याला समांतर, कुठे शापोरा नदीच्या मुखापासून बाकदार निघालेले. त्यांत फेस, पानं, काड्या अडकलेल्या. तिथे दोन बाजूंचं पाणी एकत्र येऊन खाली बुडतं. पाणी बुडतं, पण तरंगणारं किंवा वर पोहत राहणारं वरच साचतं. पिल्लं त्यांतलीच.

असे पट्टे कशाने होतात याची उत्तरं अनेक. नदीचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी जिथे भिडतं ती एक रेषा. वाऱ्याने पाण्यात फिरणारी समांतर वेटोळी तयार होतात, त्यांच्या मधल्या रेषा आणखी एक. अर्व्हिंग लॅंगम्यूर या रसायनशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये त्यांचा खुलासा केला. तिसरं कारण सगळ्यात नवलाचं. पाण्याच्या पोटात, वरचा उबदार थर आणि खालचा थंड थर यांच्या सीमेवर भरती-ओहोटीमुळे लाटा उठतात. वर त्यांची उंची जाणवत नाही, फक्त हे गुळगुळीत पट्टे सरकताना दिसतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ॲलन शँक्स यांनी १९८३ मध्ये मांडलं की असे पट्टे पिल्लांना किनाऱ्याकडे वाहून आणत असावेत. समोरचा पट्टा या तिघांतला कोणता, असं मी विचारलं. नदीच्या मुखाचा तो पहिला, असं भाची ठामपणे म्हणाली. बाकीच्यांसाठी तापमान मोजायला होडी लागेल, आणि होडीचं भाडं तिच्या शिष्यवृत्तीत बसत नाही.

उतरताना नीरो प्यायलो. काजूच्या बोंडांचा तो रस दुपारनंतर आंबायला लागतो, पण थंड होता, चालून गेला.

बुधवार, चिखली आणि पुन्हा दोनापावला

सकाळी झुवारी ओलांडून चिखलीच्या खाडीत. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी जे पातळ, अर्धपारदर्शक शिंपले लावलेले दिसतात, ते या खाडीच्या आणि समोरच्या नावशीच्या बाजूच्या चिखलात वाढतात. ते खडकाला चिकटत नाहीत, चिखलावर आडवे पडून राहतात. त्यांना शांत, गढूळ कोपरा लागतो, आणि जिथे प्रवाह मंदावून गाळ टाकतो तिथेच त्यांची पिल्लंही उतरतात. गाळ आणि पिल्लू दोन्ही एकाच नियमाने खाली येतात म्हणायला हरकत नाही, फक्त पिल्लाला नंतर पुन्हा उठायची मुभा असते. समोर बंदराकडे जाणारी बार्ज गेली. दोनापावलाच्या खडकांवरचा एक नेहमीचा बार्नॅकल, ॲम्फिबॅलॅनस ॲम्फिट्रिटे, जगभरच्या उबदार बंदरांत आढळतो तो जहाजांच्या बुडाला चिकटून फिरल्यामुळे. तोल राखायला जहाजांच्या टाक्यांत भरलेल्या पाण्यातूनही पिल्लं देशोदेशी जातात. ते पाणी कसं हाताळायचं याचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला आणि लागू व्हायला २०१७ उजाडलं. समुद्राने कधी पोचवलं नसतं तिथे आपण आठवड्याभरात पोचवतो.

दुपारी पाट्यांपाशी परत. आता विषय पावसाळ्याचा, कारण भाचीचं सगळं वेळापत्रक त्यापाशी अडतं. गोव्यात बार्नॅकलांची पिल्लं पाण्यात सगळ्यात जास्त सापडतात ती पावसाळ्यापूर्वीच्या याच महिन्यांत, आणि सगळ्यात कमी ऐन पावसात. पाऊस लागला की दोन्ही खाड्यांचं वरचं पाणी जवळजवळ गोडं होतं, ओढ सतत बाहेर असते, पिल्लं एक तर मरतात नाही तर समुद्रात फेकली जातात. आग्वादच्या तोंडाशी वाळूचा दांडा चढतो आणि होड्यांची ये-जा बंद होते. बाहेर समुद्रातही सुख नसतं. तळाचं थंड पाणी वर सरकतं, पण पावसाच्या गोड्या पाण्याचं झाकण वर असल्याने ते हवेला लागत नाही, आणि पावसाळा सरता सरता तळाशी प्राणवायू फार कमी होतो. खाली राहून टिकायची जी युक्ती उन्हाळ्यात कामाची, ती तेव्हा महागात पडते.

"पण मध्ये आठ-दहा दिवस उघडीप मिळाली तर?" मी विचारलं.

"तेच तर बघायचंय. खारटपणा चढतो, भरती पुन्हा आत येते, काही पिल्लं बसतात. मग पुन्हा झोडपतो पाऊस, आणि बसलेली मरतात. पाटी महिन्याने काढली तर कोरी दिसेल आणि वाटेल कोणी आलंच नाही. म्हणून दर चार दिवसांनी काढायची."

अडचण अशी की १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. तराफ्याचा मालक होडी वर ओढून ठेवतो, बूड खरवडतो, रंग देतो. जुलैच्या पाण्यात तराफ्यापर्यंत नेणारं कोणी नाही. भाचीने दोन-तीन ठिकाणी अर्ज केलेत. होडीवाले काका म्हणाले, तराफा सोडा, पाट्या धक्क्याच्या खांबाला आतल्या बाजूने बांधा, दोरी मी करून देतो. मग दोघं खांबांपाशी जाऊन कोणता खांब लाटांच्या आड आहे यावर वाद घालत बसले. माझी बस साडेसहाची होती. मी निघाले तेव्हा ते तिसऱ्या खांबावर आले होते.